दिवाळीच्या तोंडावर सगळा माल विकावा लागू नये म्हणून: नागपूर जिल्ह्यातल्या तीन ते पाच एकरवाल्यासाठी एप्रिल ते मार्चचा आराखडा

ऑक्टोबरच्या शेवटी नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते. बराचसा माल मळणी होऊन जेमतेम चार दिवस झालेला, पोत्यात हात घातला तर ओलसर लागणारा. तीस एकरवालाही त्या रांगेत असतो, पण तो गरजेपुरता विकतो आणि बाकीचा घरी ठेवतो. चार एकरवाला झाडून सगळा विकतो, कारण कृषी केंद्राची उधारी, मळणीयंत्राचे पैसे, मजुरी आणि सण हे सगळे एकाच आठवड्यात दारात उभे असतात.

छोट्या शेतकऱ्याला भाव कमी मिळण्यामागे काट्यातली आणि दरातली लबाडी असते, पण त्याहून मोठे कारण ही घाई आहे. म्हणून जमिनीची काळजी आणि मालाची विक्री हे दोन वेगळे विषय मला पटत नाहीत. जूनमध्ये बियाणे, खत, औषध यांची उधारी जितकी कमी, तितकी ऑक्टोबरात थांबायची ताकद जास्त. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती लावला आहे.

हा क्रम तीन ते पाच एकर, बहुतेक कोरडवाहू वावर असलेल्यांसाठी आहे: काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वरकडची कपाशी, सोयाबीन, संत्रा आणि उमरेड, भिवापूर, कुहीकडची सोयाबीन, तूर, मिरची. रामटेक-मौद्याकडच्या धानाचे गणित निराळे, त्याला इथे हात लावलेला नाही.

एप्रिल: वही आणि उधारी

एक वही घ्या. तारीख, कशावर खर्च, किती रुपये, रोख की उधार, एवढेच लिहायचे. घरच्या माणसांचे निंदण-वेचणीचे दिवसही लिहा, नाहीतर वर्षाअखेर जो नफा दिसतो तो खरे तर बायकोची आणि आईची न दिलेली मजुरी असते. पिकानुसार वेगळी पाने ठेवली तर बरे. अनेकांना पहिल्याच वर्षी कळते की ज्या पिकावर सर्वांत जास्त जीव लावला तेच घरात सर्वांत कमी पैसा देते.

आता उधारीचे पान. कृषी केंद्रात एकाच वस्तूचा रोख दर आणि उधार दर वेगवेगळा विचारा. रोखीत १०० रुपयांना मिळणारी वस्तू उधारीत ११० ला पडत असेल आणि पैसे पाच महिन्यांनी द्यायचे असतील, तर ते वर्षाला २४ टक्के व्याज झाले. दुकानदार व्याज म्हणत नाही एवढेच. बऱ्याच गावांत कृषी केंद्रवाला आणि माल घेणारा व्यापारी एकच माणूस असतो. तिथे उधारी म्हणजे माल कुणाला द्यायचा हे जूनमध्येच ठरलेले.

याला सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे पीककर्ज. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलती मिळून शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. बँकेत खेटे घालावे लागतात, कागद अपुरे निघतात, हे खरेच. म्हणून ते काम एप्रिलमध्ये धरा, पेरणीच्या दिवसांत नको. सातबारा, आठ-अ आणि शेतकरी ओळख क्रमांक आधी नीट करून घ्या. ठोक्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याला हे दार जवळपास बंदच असते. त्याच्या घरी उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गट असेल तर बियाण्या-खतापुरते कर्ज तिथून उचलणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

मे: माती, बियाणे, निंबोळी

मातीचा नमुना शेणखत टाकण्याआधी काढायचा. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. धुऱ्याजवळची, झाडाखालची, जिथे खताचा ढीग होता तिथली माती नको. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा आणि कृषी सहायकाकडे द्या. एकाच वावरात वर मुरमाड आणि खाली काळी कन्हार असेल तर दोन नमुने. नवी संत्राबाग लावायची असेल तर तीन फुटांपर्यंतच्या थरांचे वेगवेगळे नमुने घ्या. खाली चुनखडी लागली तर झाडे काही वर्षांनी पिवळी पडू लागतात आणि तेव्हा इलाज महागात पडतो. अहवाल आला की त्यात जे पुरेसे आहे ते खत कमी करा. शेजाऱ्याने दोन पोती डीएपी टाकले म्हणून आपणही टाकणे, हा आपल्याकडचा सर्वांत महागडा रिवाज आहे.

सोयाबीनचे बियाणे दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. हे स्वपरागसिंचित पीक आहे, सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे बियाणे घेतले तर तीन वर्षे घरचे चालते. अट एकच, उगवण तपासायची. ओल्या गोणपाटावर १०० दाणे रांगेत मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलोची नेहमीची मात्रा पुरते. ६५ च्या आसपास असेल तर दोन-तीन किलो वाढवा. ६० च्या खाली गेले तर ते विकण्याचा माल समजा. बियाण्याची पोती वरून आपटू नका. सोयाबीनची साल नाजूक असते आणि आपटलेल्या पोत्यातली उगवण मुकाट्याने मरते. पेरणीआधी बुरशीनाशक लावा, ते सुकू द्या, मग रायझोबियम (नत्राचे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी २५० ग्रॅम दर १० किलो बियाण्याला. जिवाणू खत शेवटी, आणि सावलीत.

निंबोळ्या जूनमध्ये पिकून गळायला लागतात, पण पोती आणि जागा मेमध्येच बघून ठेवा. घरातली पोरे आठवडाभर वेचतील तेवढ्यात हंगामाची सोय होते. गर काढून सावलीत वाळवा. फवारणीआधी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबण विरघळवलेले पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा. हा झाला ५ टक्के अर्क. तो त्याच दिवशी, संध्याकाळकडे फवारायचा. मावा-तुडतुडे सुरू होताना आणि अळी लहान असताना तो काम करतो. मोठ्या झालेल्या अळीवर त्याची भिस्त ठेवू नका.

शेणखताबद्दल: कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन ही शिफारस कागदावर ठीक आहे, पण बैलच विकले गेले तिथे ते आणायचे कुठून? मग दरवर्षी एकच एकर धरा आणि चार वर्षांत फेरी पूर्ण करा. सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, कुणाला फुकट देऊ नका. दूधवाल्याला कुटार आणि बदल्यात शेणखत, असा सौदा अनेक गावांत चालतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडे, पेटवण्याऐवजी यंत्राने बारीक करून जमिनीत गाडली तर सेंद्रिय पदार्थ वावरातच राहतो.

जून-जुलै: पाणी अडवणे आणि तुरीच्या ओळी

७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मृगाचा पहिला पाऊस पाहून हात शिवशिवतात, पण दुबार पेरणी म्हणजे दुसरी उधारी, आणि तिथेच सगळा आराखडा मोडतो.

नागपूरकडे वर्षाला सरासरी हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. अडचण अशी की तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये पंधरा-वीस दिवस उघाड पडते. म्हणून पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीन शक्यतो रुंद वरंबा-सरी यंत्राने पेरा. जास्त पावसात सरीतून पाणी निघून जाते आणि उघाडीत त्याच सरीतली ओल कामी येते. शिवाय एकरी बियाणेही कमी लागते. यंत्र मिळाले नाही तर तिफणीने पेरून ठरावीक ओळींनंतर एक सरी मोकळी सोडा. कपाशीत शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून चालवले की ओळींमध्ये सऱ्या पडतात. खर्च दोरीचा.

तूर मात्र सोडू नका. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, तूर डिसेंबर-जानेवारीत. ज्याच्या वावरात फक्त सोयाबीन आहे त्याचा वर्षाचा पैसा एकाच आठवड्याच्या भावावर टांगलेला असतो. ज्याच्याकडे तूर आहे त्याला संक्रांतीला दुसरा पैसा दिसतो, आणि विहिरीला पाणी असेल तर हरभऱ्याचा तिसरा होळीच्या आसपास. तुरीची मुळे खोल जातात, पाला गळून जमिनीवर पडतो, मातीचे भले होते ते वेगळेच. पेरणीनंतर दीड महिन्याने तुरीचे शेंडे खुडा, फांद्या वाढतात. रानडुकरांचा त्रास असलेल्या शिवारात कडेच्या ओळी जातील हे गृहीत धरूनच हिशेब मांडा.

ऑगस्ट-सप्टेंबरात मोबाईलवर ई-पीक पाहणी करायची. हे काम आळसाने राहते आणि नंतर हमीभाव केंद्रावर नोंदणी करताना सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही. तुरीचे आंतरपीकही नोंदवा, नाहीतर जानेवारीत तूर घेऊन गेल्यावर तीच अडचण येते.

कपाशीवाल्यांसाठी दोन गोष्टी

पहिली, गुलाबी बोंडअळी. फुले लागायच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुले गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसली, तर फवारणीची वेळ झाली. त्याआधीची फवारणी दुकानदाराच्या फायद्याची. दुसरी, फरतड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी पुढे राखू नका. डिसेंबर संपेपर्यंत उलंगवाडी करा, शेवटची वेचणी करून वावर मोकळे करा. मार्चपर्यंत राखलेल्या पऱ्हाटीतून चार मण कापूस निघतो, पण त्याच बोंडांत अळी पुढच्या हंगामाची सोय करून ठेवते, आणि तीही एकट्याच्या वावरापुरती नसते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. गावाने एकत्र ठरवले तरच उपयोग होतो.

काढणीनंतरचे पंधरा दिवस

इथे जरा थांबून हिशेब समजून घ्या. इतकी थोडी मेहनत आणि इतका पैसा दुसऱ्या कुठल्याच पायरीवर नाही.

सोयाबीन १२ टक्के ओलाव्याचे असावे अशी हमीभाव खरेदीची अट आहे. तुमचे १४ टक्के असेल आणि तुम्ही ते वाळवून १२ वर आणले, तर एका क्विंटलचे वजन साधारण सव्वादोन किलोने घटते. १६ वरून आणले तर साडेचार किलोने. व्यापारी ओलाव्यापोटी याहून जास्त कापत असेल तर वाळवलेले परवडते, कमी कापत असेल तर तसेच विका. एवढे गणित डोक्यात असले की सौदा बरोबरीचा होतो. ओलावा मोजायचे यंत्र एकट्याला जड जाते, दहा-बारा घरांनी मिळून घ्यावे. वाळवण डांबरी रस्त्यावर नको, ताडपत्रीवर करा. मग चाळणीने माती-काडी काढा आणि पावसात सापडलेले डागी सोयाबीन वेगळे भरा. चांगल्यात वाईट मिसळले की सगळ्याला वाईटाचा भाव लागतो.

कापूस दव उतरल्यावर वेचा. वेचणीला आणि भरायला सुती कापड वापरा, प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे कापसात गेले की प्रत घसरते. पहिली वेचणी आणि कवडी (किडका, डागी) कापूस एकत्र करू नका. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर माल परत. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये होता. खेडा खरेदीवाला दारात येतो, रोख देतो, पण त्याचा काटा आणि त्याचा दर दोन्ही तपासल्याशिवाय माल देऊ नका. घरचे एक पोते आधी धर्मकाट्यावर मोजून आणले तरी पुष्कळ कळते.

विक्री तीन तुकड्यांत

सोयाबीनचे तीन भाग करा. पहिला भाग उधारी, मजुरी आणि सणापुरता. तो लगेच विका, लाज वाटायचे कारण नाही. दुसरा भाग हमीभाव केंद्रासाठी, केंद्र उघडले आणि नोंदणी झाली असेल तर. नोंदणीचा क्रमांक कधी लागेल याचा नेम नसतो, पैसेही खात्यात उशिरा येऊ शकतात, म्हणून घरखर्चाचा पैसा या भागावर अवलंबून ठेवायचा नाही.

तिसरा भाग शेतमाल तारण कर्ज योजनेत. पणन मंडळाची ही योजना बाजार समित्यांमार्फत चालते: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत १८० दिवस, व्याज वर्षाला ६ टक्के. उदाहरण घ्या. १० क्विंटल सोयाबीन, भाव ४,००० धरला तर किंमत ४०,०००, कर्ज ३०,०००. सहा महिन्यांचे व्याज सुमारे ९०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९० रुपये. हमाली, भाडे आणि घट धरून भाव दीडशे-दोनशे रुपयांनी तरी चढला पाहिजे. तेवढा न चढल्यास तोटा.

भाव दरवेळी चढतोच असे नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीनने जी उसळी घेतली तिच्या आठवणीवर लोक अजून माल धरून बसतात. पण २०२४-२५ मध्ये दिवाळीनंतर कित्येक महिने भाव हमीभावाच्या खालीच रेंगाळला आणि थांबलेल्यांच्या हाती काही लागले नाही. म्हणून एक तृतीयांशाहून जास्त माल कधी धरू नका, आणि फेब्रुवारीअखेर जो भाव असेल तो घेऊन मोकळे व्हा. तुरीच्या बाबतीत आयात धोरणाची बातमी वाचत राहा. सरकारने आयात खुली ठेवली की दर दबतो.

बाजारात माल नेताना आदल्या दिवशीचे कळमना, उमरेड, काटोल आणि दक्षिणेकडच्यांनी हिंगणघाटचेही दर पाहून घ्या. जास्त दरातून जास्तीचे गाडीभाडे वजा करा. हिशेबपट्टी घेतल्याशिवाय बाजार सोडू नका. त्यावर वजन, दर, हमाली, तोलाई वेगवेगळी दिसली पाहिजे.

संत्रा आणि मिरची

संत्र्याची बाग फुलोऱ्यावरच ठोक्यात देणे सोयीचे असते, फळगळीची जोखीम व्यापाऱ्याकडे जाते. पण बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून निर्यातीचा जोर ओसरला आणि सौदा मोडून इसारावर पाणी सोडणारे व्यापारीही दिसू लागले. इसार मोठा घ्या आणि करार कागदावर करा. सगळी बाग एकाला देण्याऐवजी काही झाडे स्वतःकडे ठेवली तर डिसेंबरात नागपुरातच किरकोळ विकता येतात. फळे आणि भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहेत, थेट विकायला आडकाठी नाही. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, टाळायला पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पाणी खोडाला लागू न देता दुहेरी आळ्याने द्या.

नागपुरी संत्र्याला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. नुसत्या मानांकनाने भाव वाढत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी, एकसारखी प्रतवारी आणि नाव छापलेली पेटी असेल तर शहरातला ग्राहक दोन पैसे जास्त देतो. मिरची मातीवर न वाळवता ताडपत्रीवर वाळवा, ओलसर असताना भरू नका.

गट, मग कंपनी

शेतकरी उत्पादक कंपनी काढायला दहा उत्पादक पुरेसे असतात, म्हणून ती पटकन निघते. मग लेखापरीक्षण, दरवर्षीची विवरणपत्रे, दंड हे सुरू होते आणि अनुदानासाठी जन्मलेल्या कंपन्या कागदावरच पडून राहतात. माझे मत स्पष्ट आहे: आधी दोन हंगाम पंधरा-वीस घरांचा गट चालवा. एकत्र बियाणे आणि खत रोखीने घ्या, ओलावायंत्र आणि चाळणी सामाईक ठेवा, एक गाडी भरून कळमन्याला न्या. पैशांचा हिशेब बैठकीत मोठ्याने वाचला जातो का, हीच खरी परीक्षा. हे दोन वर्षे भांडण न होता चालले तर कंपनीचा विचार करा. तेव्हा सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना सुरू असेल तर तिचे ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचे कर्जसंलग्न अनुदान डाळमिल किंवा मसाल्याच्या यंत्राला कामी येते. सेंद्रिय विक्रीची इच्छा असेल तर पीजीएस प्रमाणपत्राला (गटातले शेतकरी एकमेकांची शेते तपासून देतात ते) पाच शेतकऱ्यांचा गट चालतो. नागपूरच्या क्षेत्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्रात माहिती मिळते. मात्र रासायनिकातून सेंद्रियाकडे रूपांतराची वर्षे आधीच्याच भावाने विकायची तयारी हवी.

शहर जवळ असण्याचा फायदा डाळीत सर्वांत सहज घेता येतो. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ धरा. ८,००० रुपयांच्या तुरीची डाळ किलोला ११४ रुपयांना पडते, त्यात भरडाई, पिशवी, गाडीभाडे मिळवा आणि चुनी विकून आलेले वजा करा. हा आकडा सीताबर्डीतल्या किंवा तुमच्या ओळखीच्या वस्तीतल्या किराणा दुकानातल्या भावाशी ताडून बघा. फरक दिसला नाही तर तूर तशीच विका. दिसला तर पहिल्या वर्षी दोनच क्विंटल करा, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी घ्या, पिशवीवर वजन, तारीख आणि गावाचे नाव छापा. मार्चमध्ये वर्षभराची डाळ भरायची लोकांची सवय अजून टिकून आहे, म्हणून फेब्रुवारीतच घरोघरी मागणी लिहून घ्या. थोडी रक्कम आगाऊ मिळाली तर तेवढेच पुढच्या जूनचे बियाणे रोखीने येते.